मान वळते, पाऊल पडत नाही

साल १९६५. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात तुम्ही शिरता. प्रभातचे दिवस सरलेत. इथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, जेमतेम पाच वर्षांची. आंब्याच्या झाडाखाली घोळका जमलाय. त्यात मणी कौल आहे, कुमार शहानी आहे, केरळातून आलेला जॉन अब्राहम आहे. मधे बसून बोलणारा, विस्कटलेल्या केसांचा, कुर्ता-पायजम्यातला माणूस म्हणजे ऋत्विक घटक. जन्म ढाक्याचा, १९२५ चा. ऐन विशीत, फाळणी झाली तेव्हा, त्यानं पाहिलं, की आपलं गाव आहे तिथेच आहे आणि तरीही ते परदेशात गेलंय. त्या दिवसापासून त्यानं दुसऱ्या कुठल्या विषयावर मनापासून सिनेमा केलाच नाही, असं म्हटलं तरी चालेल. पुण्यात तो फार काळ राहणार नाही. शिकवेल, काही काळ उपप्राचार्य असेल आणि निघून जाईल. पण तुम्ही योग्य वेळी आला आहात.

चित्रपटगृहात अंधार करा. पडद्यावर त्याचा १९६१ चा ‘कोमल गांधार’ लावा.

पद्मा नदीच्या काठी, लालगोल्याला, एक तरुण आणि एक तरुणी उभे आहेत. पलीकडचा काठ दिसतोय. तिथे घर होतं. पूर्वी आगगाडी इथवर यायची, उतरून बोटीनं पलीकडे जायचं, इतका साधा हिशेब होता. आता रूळ इथे संपतात आणि टोकाला गाडी अडवायचा आडवा दांडा उभा आहे. कॅमेरा त्या रुळांवरून निघतो. वेग घेतो. आणखी घेतो. तुम्ही खुर्चीत मागे रेलता, कारण समोरचा दांडा तुमच्याच अंगावर यायला लागलाय. तो येऊन आदळतो आणि पडदा काळा होतो.

निर्वासितांचं दुःख डिजिटल माध्यमातून मांडायचे जे प्रयत्न अलीकडच्या वर्षांत झाले, त्या सगळ्यांच्या आधीचा हा शॉट आहे आणि माझ्या मते त्यांतल्या बऱ्याच प्रयत्नांपेक्षा तो पुढे गेलेला आहे. घटक त्या जोडप्याचे रडवेले चेहरे दाखवत बसत नाही. तो तुम्हालाच गाडीच्या जागी बसवतो, घराकडे सोडतो आणि अडवतो. योगायोग असा, की तुम्ही पुण्यात हा शॉट पाहताय त्याच १९६५ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड नावाचा संशोधक एक निबंध मांडतो. त्याची कल्पना अशा पडद्याची आहे, ज्याच्यात माणूस शिरू शकेल. तीन वर्षांनी तो डोक्यावर चढवायचं पहिलं यंत्र तयार करतो. ते इतकं अवजड असतं, की छतावरून टांगावं लागतं. आज तेच यंत्र पोहण्याच्या चष्म्यासारखं डोळ्यांवर बसतं.

ते चढवा. पट्टा मागून नीट आवळा. आपल्याला अजून मागे जायचंय.

जानेवारी १९४८. तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि सिंधमधल्या हैदराबादच्या एका गच्चीवर उभे आहात. वर पाहा. घराघराच्या छपरावर, धुराड्यांसारखी पण एका बाजूला तोंड असलेली, उंच उघडी खोकी दिसतायत. ते मंघ. समुद्राकडून येणारा नैर्ऋत्येचा वारा पकडून खालच्या मजल्यापर्यंत उतरवायची ही सोय. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, जणू सगळं शहर त्या वाऱ्याची वाट बघतंय. आता थंडी आहे, म्हणून बरेच झाकून ठेवलेत. खाली हाला गावच्या लाखेच्या रंगकामाचा झोपाळा आहे. त्याच्यावर तुमच्या आजीची बसायची जागा ठरलेली आहे.

पंजाबची आणि बंगालची फाळणी झाली. निदान नकाशावर एक तुकडा या बाजूला आला. सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासिताला अमृतसर मिळालं, जालंधर मिळालं, आपली भाषा बोलणारा मुलूख मिळाला. सिंधी माणसाला भारतात एकही जिल्हा असा मिळाला नाही, जिथे दुकानावरची पाटी त्याच्या भाषेत असेल. ही गोष्ट आपण पुण्यात राहून फारशी लक्षात घेतलेली नाही. पिंपरीच्या बाजारात आपण पिढ्यान् पिढ्या कापड घेतलं, भाव केला, आणि घरी आलो.

६ जानेवारीला कराचीत दंगल होते. त्याआधी ‘थांबू, बघू’ म्हणणारेही आता बंदराकडे निघतात. तुमच्या वडिलांनी ठरवलंय. सामान किती, तर हातात मावेल तेवढं. झोपाळा मावत नाही. मंघ तर नाहीच नाही. बोटीच्या डेकवर माणसांना चिकटून माणसं बसलीत. तुम्ही मान वळवता. मागे कराचीचा किनारा आहे, पुढे पाणी, वर आकाश. हेडसेटमध्ये हे सगळं करता येतं. चहूबाजूला पाहता येतं.

आता खाली पाहा.

तुम्हाला पाय नाहीत. तीनशे साठ अंशांच्या चित्रीकरणात कॅमेरा जिथे ठेवला असेल तिथे तुमचं डोकं असतं, आणि डोक्याखाली काहीच नसतं. मान वळते, पाऊल पडत नाही. समोरच्या बाईला हाक मारलीत तर ती ऐकत नाही. तुम्ही तिथे आहात, हे कुणालाच ठाऊक नाही. ज्यांनी हे तंत्र घडवलं त्यांच्या लेखी ही त्याची उणीव होती आणि पुढच्या, महागड्या यंत्रांनी ती थोडीफार भरूनही काढली. त्यांत खोलीभर चालता येतं. पण निर्वासित माणसाला ही अवस्था नवी नाही. घर रोज डोळ्यांसमोर असतं, कोपरा न् कोपरा दिसतो, आणि तिथे एक पाऊल टाकता येत नाही. तिथल्या कुणाला तो आठवत असेल की नाही, तेही कळायला मार्ग नसतो.

मुंबईच्या बंदरातून गाड्या सुटतात. कुणी कल्याणच्या लष्करी छावणीत जातं, त्याचं पुढे उल्हासनगर होतं. कुणी देवळालीला, कुणी मुलुंड-चेंबूरला. तुमच्या कुटुंबाच्या वाट्याला पिंपरी येते. पुण्याबाहेरचं खेडं, शेजारून वाहणारी पवना, आणि माळावर लांबच लांब बराकी. आत खोल्या नाहीत. गोणपाट, चादरी, आईची जुनी साडी, हाताला लागेल ते दोरीवर टाकून एकेका बिऱ्हाडाची हद्द ठरते. रात्री पलीकडच्या बिऱ्हाडातला खोकला तुमच्या उशाशी येतो. पाण्याला रांग, शिध्याला रांग, संडासाला रांग. आजी जमिनीवर बसते. तिची बसायची ठरलेली जागा आता कुठेच नाही आणि तिला पहिल्यांदाच कुठे बसायचं ते विचारावं लागतंय.

इथे मला घाईनं पुढे जायचं नाही. निर्वासितांवरच्या डिजिटल कामात बोट, गर्दी, आग, धावपळ ही दृश्यं हमखास असतात, कारण ती डोळ्यांत भरतात. बराकीतली तिसऱ्या वर्षीची दुपार कुणी करत नाही. तीत काहीच घडत नाही. वडील पुण्याच्या फुटपाथवर मांडायला कापडाचे तुकडे घेऊन सकाळीच गेलेत. मुलगा शाळेत नवी भाषा गिरवतोय. आजीशी बोलायला तिच्या वयाचं, तिच्या गल्लीतलं कुणी नाही. हैदराबादेतली गल्लीच्या गल्ली एका छावणीत आली असती तर गोष्ट वेगळी होती. पण गल्लीतलं एक घर उल्हासनगरला, एक अजमेरला, एक जयपूरला आणि एक पिंपरीत. माणसं जगली. गल्ली मेली. एकटेपण म्हणतात ते हे. भोवती माणसं नसतात असं नाही, बराकीत तर श्वास घ्यायला जागा नसते. आपल्याला पूर्वीपासून ओळखणारं कुणी नसतं, एवढंच.

पिंपरीहून खाली कोल्हापूरला जाऊन यायला हरकत नाही, कारण तिथे महाराष्ट्रातल्या निर्वासितांची एक विलक्षण गोष्ट आहे. वळिवडे स्टेशनाजवळ १९४३ साली पोलंडच्या निर्वासितांसाठी वसाहत उभी राहिली. सोव्हिएत फौजांनी घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलेले हे लोक, मुख्यतः बायका आणि मुलं, इराणमार्गे आले होते. सुमारे पाच हजार. बराकींपुढे त्यांनी फुलझाडं लावली, चर्च उभारलं, शाळा चालवल्या, नाटकं बसवली. १९४८ पर्यंत ते गेले. आणि त्याच बराकींत कोण आलं? सिंधमधून आलेले निर्वासित. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात, आणि कापडाची ती मोठी बाजारपेठ आहे.

एकाच भिंतीच्या एका बाजूला १९४४ ची पोलिश आई मुलाला बर्फाच्या गोष्टी सांगते आहे, दुसऱ्या बाजूला १९४९ ची सिंधी आई वाऱ्याच्या. दोघींच्या हवेत ना बर्फ आहे ना तो वारा. सिनेमात हे एकामागून एक दाखवावं लागेल. डिजिटल कलेत दोन्ही काळ एकाच खोलीत उभे करता येतात. तुम्ही डावीकडे मान वळवलीत की एक, उजवीकडे वळवलीत की दुसरा, आणि मधे उभं राहिलात तर दोन भाषांतली अंगाईची कुजबूज एकत्र. हे काम कुणीतरी करायला हवं. माझ्या मनात ते कधीचं तयार आहे.

परत पुण्याला या. साल १९४९. हैदराबाद सिंधमधून निघालेले, सत्तरीला टेकलेले साधू वासवानी पुण्यात स्थिरावतात. १९३३ साली तिकडे सुरू झालेलं मीरा शिक्षणाचं काम इथे नव्यानं उभं राहतं. त्यांच्यामागून अनेक कुटुंबं येतात. आज साधू वासवानी मिशनच्या दर्शन म्युझियममध्ये गेलात, तर ध्वनी, प्रकाश, देखावे आणि पडद्यावरची दृश्यं यांच्या मदतीनं तुम्हाला त्या आयुष्यातून फिरवून आणलं जातं. पुण्यात सिंध कुठे आहे असं विचारलं, तर एक उत्तर ते. एका संताचं चरित्र सांगायला ती जागा आहे, आणि ते काम ती मनापासून करते. मला मात्र तिथून बाहेर पडल्यावर नेहमी पिंपरीतली ती आजी आठवते. तिचं चरित्र कोण सांगणार?

आता काळ झपकन पुढे घेऊ. जानेवारी २०१५, दावोस. जगातले बडे उद्योगपती आणि राजकारणी हेडसेट लावून बसलेत. त्यांच्या डोळ्यांपुढे जॉर्डनमधली झातारी छावणी आहे आणि सिद्रा नावाची बारा वर्षांची सीरियन मुलगी तिचा दिवस सांगते आहे. ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ हे त्या लघुपटाचं नाव, संयुक्त राष्ट्रसंघासाठी केलेला. दोन वर्षांनी कान महोत्सवात अलेहांद्रो इन्यारितू ‘कार्ने इ अरेना’ मांडतो. त्यात प्रेक्षकाला बूट काढून खऱ्या वाळूवर अनवाणी चालावं लागतं आणि सीमा ओलांडणाऱ्यांच्या घोळक्यात तो सापडतो. त्या कामाला ऑस्कर अकादमीनं विशेष पुरस्कार दिला.

ही कामं मोठी आहेत, आणि त्यांनी अनेकांना हलवलं हे खरं आहे. तरी एक प्रश्न मला सोडत नाही: हेडसेट कुणाच्या डोक्यावर आहे? सिद्राचं घर सीरियात आहे. ते तिला कुणी दाखवलं का? दुःख तिचं, आणि ते अनुभवायचं ते दुसऱ्यानं, तेही काही मिनिटं, मग चष्मा काढून जेवायला. दुसऱ्याला दुःख कळावं हा हेतू चांगलाच आहे. पण ज्याचं घर गेलं त्याला त्या कलेतून काय मिळालं, हे विचारल्याशिवाय तिचा हिशेब पुरा होत नाही.

म्हणून २०१८ चं ऑक्सफर्ड मला जास्त जवळचं वाटतं. स्पर्श आहुजा, सॅम डॅलरिंपल, सादिया गर्देझी आणि त्यांचे मित्र, शिकणारी तरुण मुलं, एक काम हाती घेतात: प्रोजेक्ट दास्तान. फाळणीत घर सुटलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, त्यांच्या गावाच्या खुणा विचारायच्या, सीमेपलीकडच्या मित्रांना तिकडे धाडायचं, ते ठिकाण तीनशे साठ अंशांत टिपायचं आणि परत येऊन त्या म्हाताऱ्याच्याच डोळ्यांवर हेडसेट चढवायचा. इथे प्रेक्षक कोण, ते बदललं. ज्याला व्हिसा मिळत नाही, ज्याचे गुडघे चालत नाहीत, त्याच्यासाठी ही गल्ली चालून आली.

खुणा कशा विचारायच्या, यातच खरी कला आहे. माणूस पत्ता सांगू शकत नाही. रस्त्यांची नावं बदललेली असतात, वस्त्या पसरलेल्या असतात. तो सांगतो: मशिदीसमोरून डावीकडे, मग एक विहीर, विहिरीला चिंच, चिंचेमागे आमचा वाडा. सत्तर वर्षांनी चिंच असेल का? विहीर बुजवलेली असेल. मशीद बहुधा असते. मग मशिदीपाशी उभं राहून, तिथल्याच एखाद्या म्हाताऱ्याला विचारून, डावीकडे वळायचं. स्पर्शचे आजोबा ईशरदास अरोरा हे बेला गावचे, लहानपणी निघालेले. दंगलीत त्यांच्या कुटुंबाला गावच्या मुसलमान मुखियानं आसरा दिला होता. त्यांच्या आणि उलट दिशेनं गेलेल्या इक्बालउद्दीन अहमद यांच्या आठवणींवर या मुलांनी ‘चाइल्ड ऑफ एम्पायर’ केलं. ते २०२२ साली सनडान्स महोत्सवात दाखवलं गेलं. त्यात दोन म्हातारे पटावरचा खेळ खेळत बसलेत आणि खेळता खेळता आपापली गोष्ट सांगतायत. तुम्ही त्यांच्याशेजारी बसता. त्यांच्या आठवणीत शिरता, परत पटापाशी येता. मला या सगळ्या कामातली ही जागा सर्वांत शहाणी वाटते. त्यांनी आठवणाऱ्या माणसाला एकटं ठेवलं नाही. ऐकणारा समोर बसवला, आणि त्याच जखमेचा.

आता पुणे. साल २०२१, टाळेबंदीचे दिवस. तुम्ही नव्वदीच्या घरात आहात आणि हातात फोन आहे. हा थांबा कल्पनेतला नाही. पुण्यात राहणाऱ्या रीना छिब्बर वर्मा यांची ही हकीकत दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांत आली.

त्यांचं घर रावळपिंडीतलं. प्रेम निवास. वडिलांचं नाव प्रेमचंद, त्यांच्यावरून गल्लीलाही प्रेम गल्ली म्हणत. १९४७ च्या उन्हाळ्यात दंगलींच्या भीतीनं कुटुंब सोलनला आलं. रीना पंधरा वर्षांच्या होत्या. थोड्या दिवसांनी परत जायचं, असंच सगळे धरून चालले होते. मग सीमा पडली. त्यांच्या आईनं हे कधीच मान्य केलं नाही. इंग्रज होते तेव्हा राहत होतो, आता मुसलमानांचं राज्य आलं तर तसेच राहू, पण आमच्या घरातून आम्हाला कसं काढतील, हा तिचा प्रश्न होता. निर्वासितांना बदली घर मिळत होतं, ते तिनं घेतलं नाही. घेतलं तर पिंडीच्या घरावरचा हक्क जाईल, या भीतीनं.

या आईपाशी थोडं थांबा. कुठल्याही संग्रहालयात हिचा पुतळा नाही. हिनं एका कागदावर सही करायचं नाकारलं आणि आयुष्यभर घराशी इमान राखलं. डिजिटल कलावंताला मी सांगेन, की दंगलीचा धूर नंतर कर, आधी हा प्रसंग कर: एक टेबल, एक सरकारी अर्ज, पलीकडे कंटाळलेला कारकून, आणि अर्जावरून मागे घेतलेला हात.

फेसबुकवरच्या भारत-पाकिस्तान वारशाच्या एका गटात रीना वर्मांनी आपल्या घराची आठवण सांगितली. रावळपिंडीतल्या सज्जाद हैदर यांनी ती वाचली, खुणांवरून शोध घेतला आणि घर सापडलं. फोटो आले, चित्रफीत आली. पुण्यातल्या एका खोलीत, तळहाताएवढ्या काचेवर, प्रेम गल्ली उघडली. हेडसेट नाही, संगणकानं रचलेलं दृश्य नाही, महोत्सव नाही. एका अनोळखी माणसानं हातात फोन धरून टिपलेलं घर. तरीही याला मी कलाच म्हणेन. कुणासाठी टिपतोय हे त्याला ठाऊक होतं.

व्हिसा आधी नाकारला गेला. मग त्यांची एक चित्रफीत पसरली, पाकिस्तानच्या तेव्हाच्या मंत्री हिना रब्बानी खर यांच्यापर्यंत पोहोचली आणि परवानगी मिळाली. १६ जुलै २०२२ रोजी त्या वाघा सीमा ओलांडून गेल्या. २० जुलैला त्या प्रेम गल्लीत उतरल्या. ढोल वाजत होते, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या, गल्लीतली पोरंबाळं भोवती नाचत होती आणि त्याही नाचल्या. आता तुम्हाला पाय आहेत. जिन्याची पायरी पायाखाली लागते. घरात राहणाऱ्या कुटुंबानं दारं उघडी ठेवलीत. शेकोटीची जागा तीच आहे. सज्जा तोच आहे. त्या तिथे उभ्या राहतात, लहानपणी उभ्या राहत तशाच.

यापुढचं सांगताना मला जड जातं. घर मिळालं, आणि त्यांना एकटं वाटलं. त्यांनी ते लपवलं नाही, पत्रकारांना सांगितलं. घर पाहून आनंद झाला, पण ज्यांच्याबरोबर इथे राहिले त्यांच्यातलं आज कुणी नाही. आई नाही, वडील नाहीत, भावंडं नाहीत. पंचाहत्तर वर्षं ज्या सज्जाची आठवण काढली तो सज्जा पायाखाली आहे, आणि “अगं, इथे कठडा होता ना, तू त्यावर चढायचीस!” असं म्हणायला शेजारी माणूस नाही. तिथे त्यांच्यावर माया करणारे शेकडो होते. दुरुस्ती करणारं कुणी नव्हतं.

आठवण एकट्यानं जपता येत नाही. ती दोघांत लागते, भांडून लागते. एक म्हणतो दार हिरवं होतं, दुसरी म्हणते निळं. या हुज्जतीत घर उभं राहतं. दुसरा माणूस गेला की दार एकाच रंगाचं होऊन बसतं आणि तो रंग खरा होता का, हे विचारायची सोयही संपते. डिजिटल कला भिंती परत आणते, वाऱ्याचा आवाज परत आणते, उद्या कदाचित मंघातून येणारी झुळूकही गालावर आणेल. हुज्जत घालणारं माणूस ती बनवू शकत नाही. बनवण्याचा मोह होईल. मेलेल्या आजोबांना संगणकातून बोलतं करणारी साधनं आता आली आहेत. मला ती नकोत. त्यापेक्षा अजून जी माणसं आहेत त्यांना एकमेकांशी जोडा. तंत्र तेवढं करू शकतं, आणि ते पुष्कळ आहे.

शेवटचा थांबा पुढच्या रविवारचा. पिंपरी कॅम्प. शगुन चौकातून गर्दी तुडवत तुम्ही आत जाता. बराकींच्या जागी आता मजल्यांवर मजले आहेत. तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहते. १९४८ साली ती बारा वर्षांची होती, म्हणजे आता नव्वदीला आली. तुमच्याजवळ एक टॅब आहे आणि सोबत त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर वापरणारी तुमची पुतणी. तिला म्हणा, घाई करू नकोस, आधी एक रिकामी खोली काढ. आजीला विचारा, दारातून आत आलं की काय दिसायचं?

आजी मोडक्या मराठीत आणि मग सिंधीत सांगायला लागते. अंगण. अंगणात झोपाळा. उजव्या हाताला जिना, वर गच्ची, गच्चीवर दोन मंघ. पुतणी बोटानं भिंती ओढते, जिना ठेवते. आजी टॅब डोळ्यांजवळ नेते, मान हलवते. मंघाची तोंडं चुकलीत. समुद्र त्या बाजूला नाही. फिरव. पुतणी फिरवते. आता बरोबर.

जिना मात्र आजीलाच खटकतो. ती सुनेला फोन लावायला सांगते. उल्हासनगरला धाकटा भाऊ आहे, तेव्हा आठ वर्षांचा होता. व्हिडिओ कॉल लागतो, टॅब फोनसमोर धरला जातो. भाऊ चष्मा चढवतो, बघतो आणि पहिलंच वाक्य बोलतो, की जिना उजवीकडे नव्हताच, डावीकडे होता, तिथून पडून त्याचा दात तुटला होता. आजी म्हणते दात झोपाळ्यावरून पडून तुटला, तू तेव्हाही खोटं बोललास आणि आईनं मार मला दिला. भाऊ मोठ्यानं हसतो. थोरल्या बहिणीला तो दादी म्हणतो. नाही दादी, जिना. झोपाळा. जिना! दोघं एकाच वेळी बोलतायत, सून मधे पडते आहे, फोन स्पीकरवर आहे, पुतणी जिना उचलून डावीकडे ठेवते, परत उजवीकडे आणते आणि शेवटी तुमच्याकडे बघून विचारते, दोन जिने काढू का?

काढ, तुम्ही सांगता. दोन्ही काढ, आणि रेकॉर्डिंग बंद करू नकोस.